नाल्यात सोडलेलं नितळ पाणी

अहो भाऊ, बाटली आधी त्याच पाण्यानं विसळून घ्या, मॅडम नमुना तशीच घेते — हां, अस्सं. पाहा, हाय का काही रंग? वरच्या टाकीत लालभडक, अन् खाली टपाच्या तोटीतून नितळ. मधात काय, तर हा काचेचा नळा अन् त्याच्यात साबुदाण्यासारख्या गोळ्या. बुरशीचा रस कोंडलाय त्याईच्यात, एन्झाइम म्हणते मॅडम. सडक्या लाकडावरची बुरशी लाकूड खाते ना, तशीच रंग खाते — प्रियंका मॅडमनं यवतमाळच्या कॉलेजात तीन वर्सं घातले याच्यापायी. तुमी नवीन लागले का तिच्या हाताखाली? काय नाव म्हणलं — संघदीप. बरं.

मी रूपसिंग, या शेडचा रंगारी. कापूस मातीमोल झाला तवा आमच्या तांड्याच्या बायाईनं गट केला, म्हणल्या आपणच सूत रंगवू. रंगवलं. रंगाचं पाणी गेलं नाल्यात, अन् नाल्यातच आमचा झिरा — वाळूत खड्डा करून तांडा पाणी भरते तो. बोंबाबोंब झाली. म्हणून हा नळा. हा फेल गेला तर शेड बंद, चौदा बाया घरी. समजलं?

मॅडमनं एकच सांगतलं होतं — रूपसिंगभाऊ, पाणी थंड होऊ द्या, मंगच नळ्यात सोडा. पण मी तीस वर्सं झाले रंग करून राह्यलो! सूत रंग धरते कशानं? गरम पाण्यानं. मंग सुटनही गरमच पाण्यानं, लवकर व्हईन, असं वाटलं मले. भट्टीवरचं उकळतं पाणी सोडलं सरळ... असे काहून पाहून राह्यले? एकडाव सोडलं. एकडाव! दुसऱ्या दिवशी खाली लालच्या लाल. मेलं ते एन्झाइम, दुसरं काय.

सांगाचं होतं हो. पण मॅडम, पोरगीच ती, दिवाळीलेही घरी न जाता इथं बसून होती, तिच्या तोंडाकडं पाहून जीभच उचलली नाही. आमच्या धंद्यात सूत जास्त गडद झालं का ब्लीचिंग मारतो — तेच मारलं टपात, मूठभर. पाणी नितळ! मॅडम नाचलीच बाप्पा. महिना झाला, मी रोज मूठ टाकून राह्यलो अन् ती रोज वहीत लिहून राह्यली.

ब्लीचिंगनं रंग जाते का? डोळ्याले दिसाचा तेवढा जाते. त्यातलं जहर कुठं जाते, तुमी शिकलेले, तुमीच सांगा. मले भेव त्याचं नाही — नाही, त्याचंच हाय. लाल होतं तवा तांड्यानं झिरा सोडला होता, बैल तोंड लावत नव्हते, बाया कोसभरावरून पाणी आणत. आता नितळ दिसते, तर परवापासून पुन्हा झिऱ्यावर जाऊन राह्यल्या. माही सून बबिताही. सातवा महिना हाय तिले. काल मलेच तांब्या भरून देल्ला, म्हणे मामाजी, तुमीच तर साफ केलं हे. अन् मी पेलो. तिच्यासमोर नाही म्हणाची हिंमत झाली नाही भाऊ, मी पेलो! अन् मंग ती पेली.

ओता ती बाटली. ओता म्हणतो ना! इथून भरा, नळ्याच्या तोंडाशी, टपात पडाच्या आधी — हे घ्या, लाल. हे द्या मॅडमले. म्हणा रूपसिंगनं... काही म्हणू नका, पाहून समजन तिले. जा आता, साडेचारची एसटी हाय. अन् मले थांबवू नका, झिऱ्यावर जातो, पाणी भराची वेळ झाली, बाया निघाल्या असतीन.