न विचारता वर केलेला हात

नाही, मी तिथे नव्हते, वकीलसाहेब, आणि तुम्हीही नव्हता, तेव्हा ‘काय झालं ते मी सांगतो’ असं कृपा करून म्हणू नका — अमरावतीच्या त्या मैदानावर पौर्णिमाचा पाय मध्यपाटीवर पडला की नाही, हे तुम्ही पाहिलेलं नाही, मी पाहिलेलं नाही आणि पंचांनीसुद्धा पाहिलेलं नाही. मला जे ठाऊक आहे ते आमच्या गजेंद्र सरांकडून, आणि सर तरी कुठे उभे होते? दुसऱ्या टोकाला, मुलींच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. म्हणजे माझ्या हातात ऐकीव माहिती आहे आणि तुमच्या हातात ऐकीवावरून ऐकलेली. बसा. हा विषय उभ्यानं बोलण्यासारखा नाही. तुमचा अर्ज मी वाचला, दोनदा वाचला — ‘सदर विद्यार्थिनीस शाळेच्या खो-खो संघातून कायमचे वगळण्यात यावे’ — कायमचे! नववीतल्या मुलीला कायमचे! तीनशे दोनचं कलम तेवढं लावायचं राहिलं.

आता जे झालं ते क्रमानं मांडू. विभागाचा अंतिम सामना, शेवटचे काही सेकंद, आपण एका गुणानं मागे. पौर्णिमा खो घेऊन उठली, समोरच्या शाळेची मुलगी खांबाकडे पळत होती, हिनं झेप घेऊन तिला गाठलं, पंचांनी शिट्टी वाजवली — बाद. आपल्या मुली उड्या मारायला लागल्या. आणि ही उठली, गुडघ्यांची माती झटकली, हात वर केला, पंचांना म्हणाली, सर, माझा पाय मध्यपाटीवर पडला होता. — मध्यपाटी म्हणजे? वा! जुलैपासून तुमची मुलगी संघात आहे, तुम्ही तिच्या वतीनं दोन पानी अर्ज लिहिता, आणि मध्यपाटी म्हणजे काय हे मला विचारता? दोन खांबांच्या मधली पाटी, जिच्यावर खेळाडू एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात ती. पाठलाग करणाऱ्या मुलीचा पाय तिथे पडला की फाऊल, बाद रद्द. पंचांनी तिला दोनदा विचारलं म्हणे, नक्की का? ती म्हणाली, नक्की. संपलं. गजेंद्र सर बसमधूनच मला फोन करून सांगत होते — ‘मॅडम, पंचाले दिसलंच नव्हतं, कोणालेच नव्हतं दिसलं, पोरगी स्वतःच हात वर करून राहिली! मी इकडून ओरडून राहिलो, कर खाली, कर खाली हात, तं माह्याकडं पाहूनच नाही राहिली!’ क्रीडाशिक्षक आहेत ते. बीपीएड.

तुम्ही लिहिता, तिच्यामुळे आपण सामना हरलो. चूक. तो बाद धरला असता तर बरोबरी झाली असती, मग जादा डाव खेळवला असता, आणि जादा डावात काय झालं असतं हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. मी एकोणीस वर्षं गणित शिकवते आहे, ‘असं झालं असतं’ हे मी उत्तर म्हणून स्वीकारत नाही. पुढे लिहिता, दहावीच्या मुलींचे क्रीडागुण बुडाले. हं, इथे आलात तुम्ही मुद्द्यावर. संघ राज्य पातळीवर गेला की निकालात जास्तीचे गुण जोडले जातात, विभागावर अडला की कमी — हा तुमचा खो-खो. तुमची अवनी त्या सामन्यात एक मिनिटसुद्धा मैदानात उतरली नाही, राखीव होती, बाकावर होती. आणि बाकावर तरी कशी आली? जुलैमध्ये याच खुर्चीत बसून तुम्ही म्हणाला होता, मॅडम, नाव तेवढं यादीत टाका, खेळवलं नाही तरी चालेल. — म्हणाला होता, वकीलसाहेब. मला शब्दन्‌शब्द आठवतो, कारण मी ते नाव टाकलं. माझ्या हातानं टाकलं. हो, ते तुमच्या अर्जात नाही.

हसू नका. तुम्हाला वाटत असेल, मुख्याध्यापिका आहे, आता खेळाच्या संस्कारांवर भाषण देईल. ते भाषण मी दरवर्षी स्नेहसंमेलनात देते — शिस्त, संघभावना, खिलाडूवृत्ती, पराभव पचवण्याची ताकद — आणि खरं सांगू? माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पुरावा काय? विद्यापीठात मला शिकवलं होतं की जे सिद्ध झालेलं नाही ते गृहीत धरायचं नाही, आणि मैदानांवर मी काय पाहत आले? जन्मतारखा बदलून आणलेली मुलं, पंचांची कॉलर धरणारे बाप, सामन्याच्या दिवशीच उगवणारे खेळाडू. दहावीचा खेळाचा तास कापून तिथे कोण गणित घेत होतं? मीच. पाच वर्षं. एकाही पालकानं तक्रार केली नाही, उलट आभार मानले — तुमच्या घरून तर पेढे आले होते. आणि मग, इतक्या वर्षांत एकदा, एकदाच, पुरावा समोर आला — चौदा वर्षांची मुलगी, कोणाला काही दिसलेलं नाही, मैत्रिणी उड्या मारताहेत, शिक्षक ओरडताहेत, आणि ती म्हणते, पडला होता पाय. हे तिला कोणत्या पुस्तकातून आलं? मी शिकवलं नाही. शपथेवर सांगते, मी नाही. आणि त्या पुराव्याचं आपण सगळ्यांनी मिळून —

‘आपण’ म्हटलं का मी? म्हटलं खरं.

काय म्हणालात? तिला जरब बसायला हवी? बसली आहे. तुम्हाला उशीर झाला, वकीलसाहेब. संघ परतला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, प्रार्थनेच्या वेळी, मी तिला पुढे बोलावलं. मी. गजेंद्र सरांनी नाही, संस्थेनं नाही. फलक तयार होता, ‘राज्यस्तरावर निवड’ — फक्त तारीख रंगवायची राहिली होती, आणि सकाळी तो गुंडाळताना मला जो संताप आला — असो. तिला विचारलं, तुला विचारलं होतं का कोणी? ती म्हणाली, ‘नाही मॅडम. पण पडला होता न पाय. मले मालूम होतं.’ आणि मी काय म्हणाले असेन? म्हटलं, आधी ‘मला’ म्हण. चारशे मुलींसमोर. तिनं म्हटलं — मला माहीत होतं, मॅडम. मग मी म्हटलं, तुझ्यामुळे अकरा जणींचं नुकसान झालं, त्यांची माफी माग. तिनं मागितली. वाद घातला नाही, रडली नाही, हात जोडले आणि एकेकीकडे पाहून मागितली, अकरा वेळा, आणि मी तिथे उभी राहून मोजत होते.

आणि तेव्हा ओळीतून आवाज आला — ‘मॅडम, पण माफी कशाची?’ कोण होतं? नाही सांगितलं घरी? अवनी. तुमची अवनी, बाकावरची. माझ्या कारकिर्दीत प्रार्थनेत मला कोणी प्रश्न विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, चूप, मागे जाऊन उभी राहा. गेली. पण प्रश्न बरोबर होता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी तिला मागे पाठवलं — वर्गात मास्तर करतात तसं. तुम्ही मुलीला गुणांसाठी बाकावर बसवलं होतं ना? बसल्या बसल्या ती बघत होती, वकीलसाहेब. गुण नाही मिळाले, पण तिला जे मिळालं ते तुम्हाला नको आहे, हा भाग वेगळा.

शाळेसाठी पौर्णिमा इथे जठारपेठेत मामांकडे राहते; त्याच दुपारी ती बस धरून तिवशाला, आईवडिलांकडे निघून गेली. अकरा दिवस झाले. मी फोन केला, आशाबाईंनी उचलला, तिच्या आईनं. ‘मॅडम, पोरगी काही बोलूनच नाही राहिली. काहून आली विचारलं तं उठून जाते. तुमच्याकडं काही झालं का?’ मला विचारतात, काही झालं का! मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, सामना हरल्यामुळे नाराज असेल, येईल दोन दिवसांत. खोटं. स्पष्ट, विचारपूर्वक खोटं — आणि मला कोणी पकडलं नाही, आणि मी हात वर केला नाही.

तेव्हा हा अर्ज परत न्या. संघातून वगळायचं तर मुलगी शाळेत हवी ना? हे बघा, आज सकाळच्या टपालात आलं. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा म्हणून. खाली खुशालरावांची, तिच्या वडिलांची सही, बाकी अक्षर तिचं — नाव, इयत्ता, तुकडी, सगळं नीट, एक खाडाखोड नाही. ‘शाळा सोडण्याचे कारण’ — त्यापुढे काहीच नाही. विसरलेली नाही ती, विसरणारी मुलगी नाही. ती ते लिहीत नाही आणि मला ते लिहिता येत नाही, आणि त्याशिवाय दाखल्यावर सही होत नाही. काय लिहू? सांगा ना, तुम्ही वकील आहात, दोन पानं लिहिता. — हा घ्या तुमचा अर्ज.

या तुम्ही.