जित्त्या माणसाचा फोटो

आता हसताय बे, पण तवा माझी लई टरकली होती. आमच्या दिंद्रुड गावात मला फोटो काढायला बोलवायचे ते माणूस गेल्यावरच. भिंतीला लावायला एक तरी फोटो पाहिजे म्हणून. तेच फोटो मुंबईच्या एका स्टुडिओला पाठवले आणि नव्या एसटीडी बूथवरून कामासाठी फोन लावला, तर मालक म्हणाला, "तुझ्या फोटोतली सगळी माणसं मेलेलीच आहेत. एखाद्या जिवंत माणसाचा फोटो काढून आण, मग कामाला ठेवतो."

पण ह्यानं फोटो काढला की माणूस जातं, असं समजून गावात माझा कॅमेरा दिसला की लोक दारं लावायचे. शेवटी आमचे अण्णाच, माझे वडील, खुर्चीत बसले. घामानं चिंब.

"दाब लवकर."

मी बटण दाबलं. अण्णांनी डोळे गच्च मिटले, ते उघडेचनात. मी कॅमेरा सोडून खुर्चीकडं धावलो.

"अण्णा?"

डोळे न उघडताच ते हळू म्हणाले, "मी हाय का रे अजून?"