चिंचेचा संशय

अगो, तुमच्या सासवा बऱ्या म्हणायच्या. माझा थोरला झाला तेव्हाचं ऐका. पोर दूध ओढायचा, सोडायचा नि रडायचा. पंधरा दिवसांत नुसता काडी झाला. सासूबाईंना माझाच संशय. "चोरून चिंच खाल्लीस ना? म्हणून दूध बाधतंय त्याला!" माझी उशीसुद्धा उचलून बघायच्या.

शेवटी मी, हे नि सासूबाई पोराला घेऊन शहापूरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. आमच्या सापगावपासून रिक्षात वाटभर सासूबाईंच्या तोंडी तीच चिंच.

बाईंनी बोटानं पोराची जीभ उचलली. "हे बघा, जिभेखालचा पडदा टोकापर्यंत चिकटलाय. जीभ हलत नाही, दूध ओढणार कसं?" कात्रीनं जरासं कापलं, पोर किंचाळला, नि मी छातीशी धरला तसा घटाघटा प्यायला लागला. मला रडूच आलं.

सासूबाई म्हणतात, "पोटुशी असताना हिनं चिंच खाल्ली असंल, म्हणून चिकटली!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खाण्यानं नाही होत. पुष्कळदा घराण्यातून येतं. जिभा बाहेर काढा बघू सगळ्यांनी."

मी काढली. आमच्या ह्यांनी काढली. सासूबाईंनी मात्र तोंड गच्च मिटलं, ते सापगाव येईपर्यंत उघडलंच नाय.