बैल यायच्या आत

गोवर्धन : हँडल सोडा, वकीलसाहेब. चिडून फिरवलं तं उलटं मारते ते. कापसाच्या जिनात एका मानसाचं मनगट गेलं होतं अशानं.

चिंतामण : अकरा वेळा फिरवलं. नुसतं फुसफुसतंय. तू तर म्हणाला होतास, सकाळचा चहा व्हायच्या आत गाडी सुरू होईल.

गोवर्धन : म्हनलो होतो. चहा लवकर झाला.

चिंतामण : थट्टा पुरे. खुशालरावांचे बैल भातकुलीहून पहाटेच निघालेत. दहाला इथं येतील. मी त्यांना सांगून बसलोय, गाडी स्टेशनपर्यंत ओढून न्यायची, मालगाडीत चढवायची आणि मुंबईच्या कंपनीकडे पाठवायची. तू एक सकाळ मागितलीस म्हणून थांबलो.

गोवर्धन : किती वाजले आता?

चिंतामण : सव्वानऊ.

गोवर्धन : मंग पाऊन घंटा हाय. लय झाला.

मनकर्णा : काय लय झाला? मी आत्ता पानी घेऊन आली, तं नळावर एकच गोष्ट. वकिलाची मोटार बैल लावून नेऊन राह्यले म्हने, खरं का? तानुबाईनं तं भाजीची टोपली आज बाजारात नेलीच नाई. समोरच्या ओट्यावर मांडली. म्हने इथंच खपते, लोकं जमतीनच.

गोवर्धन : आयकलं वकीलसाहेब, बायको काय म्हनते ते? अकोल्याच्या जिनात बारा वर्सं इंजन चालवलं म्या. ते सोडून राजापेठेत हे शेड घेतलं. तीन महिन्यांत पंप आले, सायकली आल्या, मोटार पयली ही तुमची. तिले बैल जुंपून पेठेतून नेली, तं मंग माह्याकडे सायकलही कोनी आननार नाई.

चिंतामण : मला काय हौस आहे बैलांची? अख्ख्या मध्यप्रांतात अशी दोन आसनांची दुसरी गाडी नाही. साठच्या वेगानं पळणारी. ती बैलांच्या मागून चालली की बारमधले सगळे वकील कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन उभे राहणार. वामनराव तर कोट घालून सकाळपासूनच उभे असतील.

मनकर्णा : अन् मोडली कशानं, ते नाई सांगत.

चिंतामण : ते सांगितलं मी.

मनकर्णा : ह्यायले सांगतलं. मले नाई.

चिंतामण : चिखलदऱ्याच्या घाटात तेल संपलं आणि इंजिनाचं बेअरिंग जळलं, बाई. काटा खाली आला होता, मला दिसत होतं. पण मागून एका इंग्रजाची गाडी येत होती. त्याला पुढं जाऊ द्यायचं नव्हतं मला.

मनकर्णा : मंग गेला का तो?

चिंतामण : गेला. हात हलवून गेला.

गोवर्धन : तू गप बस वं. हे पाहा वकीलसाहेब, बेअरिंग तं नवं बसवलं, आता पयल्यापासून पाहू. इंजनाले तीन गोष्टी लागते. पेट्रोल, दाब अन् ठिणगी. पेट्रोल हाय, वास येऊन राह्यला. दाब हाय, हँडल वर येताना कसं अडते ते तुमच्या खांद्याले माहीत. राह्यली ठिणगी.

चिंतामण : ठिणगी तर सकाळी तूच दाखवलीस. मधल्या वायरीतून चांगली टच्च उडाली.

गोवर्धन : मधल्या वायरीतून उडाली. प्लगपर्यंत पोचते का नाई, ते पाह्यलं नाई. पुस्तकात काय लिव्हलं, पुन्हा वाचा.

चिंतामण : आधी पहिला सिलिंडर, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. तूही तसंच लावलंयस. मी तीनदा ताडून पाहिलं. काल रात्री झोपेतसुद्धा एक, तीन, चार, दोन म्हणत होतो, म्हणून आमच्या घरच्यांनी विचारलं, कसली तारीख आहे ही.

गोवर्धन : वायरी बरोबर हाय मंग. दोन प्लग काढून इंजनावर ठेवतो. पयला अन् चौथा. तुमी हँडल मारा, मी प्लग चिमट्यानं दाबून धरतो. अन् तू इकडे ये, मनकर्णा. प्लगाच्या तोंडाकडे पाह्य.

मनकर्णा : मी नाई येत.

गोवर्धन : काहून?

मनकर्णा : तुमीच म्हनलं ना, इंजनाजवळ पाय नाई ठेवायचा. तीन दिवस झाले, झाडूही मारू देल्ला नाई मले तिकडे.

गोवर्धन : आता मीच बलावतो ना. नुसतं पाह्यचं. पयला चमकला का सांग. चौथा त्या वक्ताले चूप राह्यला पाह्यजे.

चिंतामण : मारू?

गोवर्धन : मारा.

मनकर्णा : चमकला.

गोवर्धन : कोनता?

मनकर्णा : दोनी.

गोवर्धन : दोनी संगं? नीट पाह्य. पुन्हा मारा, वकीलसाहेब.

मनकर्णा : दोनी. पन मरतुकडे. काजव्यावानी.

गोवर्धन : सापडलं. ठिणगी हाय, पन वाट चुकते. एकाच्या वाट्याची ठिणगी चौघात सांडून राह्यली. हे काळं झाकन पाहा वकीलसाहेब, टोपीवानी. मधातून करंट येते अन् याच्या आतून चारी प्लगायले पाळीपाळीनं वाटल्या जाते. गडबड याच्यातच हाय.

चिंतामण : मग ते आधीच का नाही उघडलंस?

गोवर्धन : काल दिवस बुडताना मीच पेट्रोलनं धुतलं अन् फडक्यावर उपडं ठेवलं. सकाळी उचललं अन् बसवलं. जे म्या स्वतः पुसलं, ते काहून उघडू? आता उघडतो.

मनकर्णा : नका उघडू.

गोवर्धन : काय झालं?

मनकर्णा : आधी मले सांगू द्या, मंग उघडा.

गोवर्धन : येळ नाई, मनकर्णा. दोन खटके तं हाय. हे निघालं पाहा. आता याच्यात... हे काय हाय?

चिंतामण : लाल आहे. गंज का?

गोवर्धन : गंज नाई. कुंकू हाय. वकीलसाहेब, स्वस्तिक हाय हे. इंजनाच्या पोटात स्वस्तिक.

चिंतामण : काय सांगतोस. दाखव. अरे, किती रेखीव आहे. चार पितळी टोकं आणि मधलं पाचवं, बरोबर एकमेकांना जोडली आहेत.

मनकर्णा : पहाटे चूल पेटवाच्या आधी उठली मी. नव्या कामाले कुंकू लागलं नव्हतं. तुमाले म्हनलं असतं, तं तुमी ओरडले असते. वरून काढलं, तं तुमाले दिसलं असतं. ते झाकन फडक्यावर होतं. उलटवलं, तं आत चार ठिपके अन् मधात एक. मले वाटलं, हे तं त्याच्यासाठीच ठेवलं हाय. पान्यात कुंकू कालवलं अन् बोटानं जोडलं. मंग होतं तसंच उपडं ठेवून देल्लं.

चिंतामण : म्हणजे मधला करंट त्या ओल्या रेघांवरून चौघांकडे पळाला.

गोवर्धन : तुले अकोल्याले वापस जायचं होतं.

मनकर्णा : काय?

गोवर्धन : तीन महिने तेच आयकून राह्यलो मी. जिनाच्या मालकानं अजून जागा भरली नाई, चिठ्ठी टाका. अकोल्यात क्वार्टर होतं, इथं शेडात धूर होते. आज ही मोटार बैलामागे गेली असती, तं उद्या आपलं सामान बैलबंडीत असतं.

चिंतामण : गोवर्धन, बाईंना माहीत तरी होतं का...

गोवर्धन : तुमी मधात नका बोलू, साहेब.

मनकर्णा : बोलू द्या ना त्यायले, ते वकील हाय. मी सांगते म्हनून राह्यली, तं आयका. चिठ्ठी टाका म्हनलं मी, खरं हाय. तुमी दर रोज संध्याकाळी त्या दाराकडे पाहत बसत होते, कोनी येते का म्हनून. मले पाह्यवत नव्हतं ते. पन जिनात तुमी बारा वर्सं कापसाची धूळ खाल्ली. रात्री उठून बसत होते खोकताना, मी पाठ चोळत होती. इथं आल्यापासून एक दिवस खोकले नाई तुमी. तुमाले तं ते समजलंही नाई. मी मोजून राह्यली. आज ब्याण्णव दिवस झाले.

गोवर्धन : ब्याण्णव?

मनकर्णा : स्वस्तिक काढताना हेच म्हनलं. ही मोटार चालू दे, ह्यायले त्या धुळीत वापस नको जाऊ देऊ. आता चुकीच्या जागी काढलं, तं चुकली मी. मले काय माहीत तिथून करंट जाते.

चिंतामण : गोवर्धन, पावणेदहा झाले.

गोवर्धन : हो.

चिंतामण : काही बोल तिला.

गोवर्धन : बोलतो. मनकर्णा, ते पेट्रोलचं डबडं दे. अन् कोरी चिंधी. नाई, ठेव. तूच पूस.

मनकर्णा : मी?

गोवर्धन : तूच काढलं ना. टोकाच्या सांदीतलं बोटानं निघन. तुह्यं बोट लहान हाय. एक रेघ नको राह्यले.

मनकर्णा : स्वस्तिक पुसाचं?

गोवर्धन : मनातलं म्हनून झालं ना तुह्यं? आयकलं असन ज्यानं आयकाचं ते. आता पूस.

चिंतामण : एक विचारू? माझ्या आईनं काल स्टिअरिंगला लिंबू बांधलंय. तेही सोडू का?

गोवर्धन : ते बाहेर हाय. राहू द्या.

मनकर्णा : हे घ्या. पाहा, राह्यलं का कुठं.

गोवर्धन : साफ हाय. फुंक मार, पेट्रोल सुकू दे. हं. प्लग बसले, झाकन बसलं. वकीलसाहेब, सरका.

चिंतामण : मी मारतो की हँडल.

गोवर्धन : नाई. हे मीच मारतो.

(इंजिन एकदा खोकतं, दुसऱ्या फेरीला धरतं आणि शेडचे पत्रे थरथरू लागतात.)

चिंतामण : धरलं. गोवर्धन, धरलं रे. काय आवाज आहे.

गोवर्धन : जास्त नका दाबू. नवं बेअरिंग हाय, पाचशे मैल जपून चालवा. अन् तेलाचा काटा खाली आला, तं मागून कोनीही येऊ द्या, थांबाचं.

चिंतामण : थांबेन. शपथ. आणि हे काय, खुशालरावांचे बैल आलेच की दारात. कासरा, दोरखंड, सगळं घेऊन.

मनकर्णा : अवं माय, शिंगं रंगवून आनले.

चिंतामण : त्यांच्या पुढून न्यायची गाडी. पेठेतून, कोर्टावरून, व्हरांड्यासमोर दोन चकरा. चल, बस शेजारी.

गोवर्धन : तुमी जा, साहेब. मी मागून येतो. बैलायले पानी पाजा म्हना तानुबाईले, भातकुलीहून आले बिचारे.

चिंतामण : आणि तुझ्या दुकानाची ती पाटी? भिंतीकडे तोंड करून ठेवलीयस ती. पहिली मोटार चालल्याशिवाय लावणार नाही म्हणाला होतास.

गोवर्धन : आनतो ना आता. मनकर्णा, कुंकू उरलं का?

मनकर्णा : वाटीत हाय. पन नाई, बाई. आता मी कशालेच नाई लावत.

गोवर्धन : लाव. पाटी लाकडाची हाय, तिच्यावर पाह्यजे तेवढं मोठं काढ.