आजींच्या पिशवीतलं इंटरनेट

दाढदुखीने गाल सुजलेले घड्याळजी दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसले होते. हसलं की कळ थेट मस्तकात जायची, आणि समोरच्या बाकावर नेमकं हे कुटुंब! मधोमध पिशवी कवटाळून बसलेल्या आजी, त्यांना खेटून मुलगा, सून आणि नात. तिघांच्याही मांडीवर उघडे लॅपटॉप.

"आई, हलू नकोस गं, मीटिंग चालू आहे माझी."

"मी नुसता श्वास घेतला रे."

"आजी, पिशवीतून फोन जरा वर काढ ना! नेट तुटतंय, माझा ऑनलाइन पेपर अडकलाय."

"आई, सध्या नेट फक्त तुमच्याच फोनवर चालतंय; तो घरी ठेवून आला असतात, तर आम्ही तिघं घरीच बसून कामं केली असती."

"आणि वाटेत मला काही झालं तर? फोन नको जवळ?"

"जाऊ दे. घरचं इंटरनेट आठवड्याभरात दुरुस्त होतंय."

"आठवड्याभरात? इतक्या लवकर?" आजींचा चेहरा पडला.

घड्याळजींनी गाल घट्ट दाबून धरला.

"चला आजी, आत या," नर्सबाईंनी हाक मारली.

तिघंही लॅपटॉपसकट उठले.

"अहो, दात नक्की कुणाचा काढायचाय?"

"आईचा. पण इंटरनेट आम्हा सगळ्यांचं आहे."

"बरं, तुम्ही दारातच बसा, दार उघडं ठेवते. आजी, डॉक्टर किडलेले तिन्ही दात आजच काढून टाकतील, म्हणजे पुन्हा खेप नको."

"छे छे, आज एकच काढा!" आजी घाईघाईने म्हणाल्या. " घाई कसली? आम्ही चौघं रोज येत जाऊ."