मुका पंचम

(राजूर. सकाळ. पेटीवर तेच चार सूर, फिरून फिरून.)

दमयंती: अहो, थांबा जरा.

नृसिंह: आत्ता कुठे सुरुवात होतेय.

दमयंती: पाऊण तास झाला!

नृसिंह: तेच म्हणतोय.

दमयंती: भाता सोडा. उद्या ती पुण्याची मुलं रेकॉर्डिंगला यायच्या आत एक सांगायचंय.

नृसिंह: आणखी दोन सूर घाला, हेच ना? लग्न झाल्यापासून ऐकतोय.

दमयंती: नगरच्या पहिल्या कार्यक्रमात लोक ओरडले, पेटी जुळवून झाली असेल तर सुरू करा. सगळे उठून गेले. बसून कोण राहिलं?

नृसिंह: तू. झोपली होतीस.

दमयंती: झोपले, पण बसून! आता हीच मुलं म्हणतात, असं मोजके सूर फिरवत राहणारं संगीत आपल्याकडे तुम्ही सगळ्यांच्या आधी केलं. म्हणून तर जीव खालीवर होतोय. डोळे मिटा.

नृसिंह: हे काय आता?

दमयंती: मिटा हो. पट्ट्या मी दाबते. पंचम आला की सांगा.

नृसिंह: हा षड्ज. गंधार... हं, दाब पुढं.

दमयंती: …

नृसिंह: दाब की!

दमयंती: केव्हाची दाबून धरलीय. नुसती हवा जाते त्यातून.

नृसिंह: काहीतरीच. आत्ता वाजवताना ऐकला मी.

दमयंती: तुमचं बोट तिथं गेलं, की ऐकू येतो तुम्हाला.

नृसिंह: कधीपासून?

दमयंती: दिवाळीपासून.

नृसिंह: आणि आज सांगतेस?

दमयंती: उद्या मुलं विचारतील, पंचम का गाळलात? तुम्ही म्हणाल, गाळला कुठं? मग ती एकमेकांकडे बघतील. ते मला नाही बघवणार.

नृसिंह: दिवाळीपासून गप्प का राहिलीस, ते विचारतोय.

दमयंती: आवडलं म्हणून.

नृसिंह: काय आवडलं?

दमयंती: वाजवणं. तो सूर यायच्या जागी येत नाही, आणि भाजी चिरता चिरता माझा हात थांबतो. मला वाटलं, मुद्दाम करताय. मग एकदा डोकावले, तर त्याच जागी तुम्ही मान डोलवत होतात.

नृसिंह: (डोळे उघडून त्या पट्टीकडे बघतो.)

दमयंती: अकोल्याच्या पेटीवाल्याला निरोप धाडलाय. दुपारच्या जीपनं येतो म्हणाला.

नृसिंह: नको म्हणून कळव.

दमयंती: आणि मुलांनी विचारलं तर?

नृसिंह: म्हणेन, गाळला. पण दमे, मला तो ऐकू येतच राहणार.

दमयंती: येऊ द्या. मी नाही सांगत कुणाला.