बुद्धांच्या कानांत कुड्या

(कानडी मुलखातल्या बसवनगुडीतलं मराठी घर. नवरात्रातल्या बाहुल्यांच्या पायऱ्यांसमोर सासू पद्मावती आणि पुण्याहून आलेली सून नयना.)

पद्मावती : हसत नाही गं. ये, अशी जवळ बस. या गोंबे, बाहुल्या मग मांड. तुझ्या या पराक्रमाचीच एक कथा सांगते.

नयना : पराक्रम कसला, अक्का? बुद्धांच्या कानांच्या पाळ्या लोंबलेल्या, भोकं ही एवढी. वाटलं, जुन्या बाहुलीचं कानातलं हरवलं असेल. म्हणून माझ्या कुड्या अडकवल्या. शोभतात की.

पद्मावती : शोभतात तर. बुद्ध अगदी वरमाई दिसताहेत.

नयना : मग कान तसे का?

पद्मावती : राजाचा मुलगा तो. कुंडलं अशी, की मान हलवली तर खांद्याला टेकावीत. एके रात्री घोड्यावर बसून निघाला, रानाच्या काठाशी उतरला आणि एकेक दागिना सारथ्याच्या ओंजळीत घातला. मुकुट गेला, हार गेले, कुंडलं गेली. लांबलेले कान तेवढे राहिले. मूर्तिकार तिथं दागिना घडवत नाही बाई, सोडल्याची खूण घडवतो.

नयना : हेच सांगा ना संध्याकाळी. तुमचं कीर्तन म्हणून माझ्या मैत्रिणी मारतहळ्ळीहून निघाल्यात.

पद्मावती : बेडा गं, नको. घसा बसलाय.

नयना : आत्ता तर खणखणीत होता.

पद्मावती : स्वल्प बसलाय.

नयना : घसा नाही, अक्का, कान. गेल्या वर्षी समोरच्या मुली हसल्या, तेव्हापासून डोक्यावरचा पदर काढत नाही तुम्ही. कीर्तनाला उभ्याही राहिला नाहीत.

पद्मावती : लोंबतात ना. नुसत्या झोळ्या.

नयना : कशानं लांबले?

पद्मावती : जसं काही तुला ठाऊकच नाही. लग्नापासून याच कुड्या कानांत. जड मोती.

नयना : आणि माझ्या लग्नात माझ्या ओंजळीत घातल्यात. मग बुद्धांचे कान पुजायचे आणि तुमचे झाकायचे, हे कुठलं कीर्तन?

पद्मावती : सूनबाई, आज उभं कोण राहणार, मी की तू?

नयना : तुम्ही. पदर खांद्यावर.

पद्मावती : सरी, बरं. चिपळ्या काढ. त्या कुड्या बुद्धांच्या कानांतून उतरव, तू घाल. पण एक मागणं आहे.

नयना : सांगा.

पद्मावती : त्या माझ्या सासूच्या, जमनाबाईंच्या. मलाही ओंजळीतच दिल्या त्यांनी. पुढे शेवटपर्यंत त्यांच्या डोक्यावरचा पदर ढळला नाही. मला वाटे, रीत असेल. त्यांचे कान मी कधी पाहिलेच नाहीत. कुड्या घालताना तेवढी त्यांची आठवण ठेव.